गोड माडी

मी चौथीपर्यंत शिकलेला. वसईच्या किनारपट्टीला माडावर चढून माडी काढायची, एवढंच काम. पोरगी मुंबईत एमेस्सी करत होती. ती काय शिकते ते मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी विचारलं, कारण बायकोच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

पोरगीने ओट्यावर बसून सांगितलं. अंगातल्या पेशींमध्ये सर्ट्युइन नावाची एन्झाइमं असतात. अन्न भरपूर असलं की ती सुस्त. अन्न आटलं की त्यांना जोर येतो. मग ती पेशीला साखर सोडून चरबी जाळायला लावतात, मोडकंतोडकं दुरुस्त करायला लावतात. हे आधी यीस्टमध्ये दिसलं म्हणाली. माडी आंबवतं तेच यीस्ट. साखर कमी मिळाली तर ते जास्त जगतं.

हे मला पटलं. उन्हात राहिलेलं मडकं मी रोज बघायचो. भरपूर साखर मिळालेली माडी सकाळी फसफसून वर येते आणि संध्याकाळी आंबटढाण होऊन पडते.

बायको तेव्हा जेवतच नव्हती. दोन चमचे पेज, तीही ओकायची. शेजारीण रोज काहीतरी करून आणायची आणि झाकून परत न्यायची. तिला रडू यायचं, मला नाही. मी धरून बसलो होतो की अन्न आटलंय म्हणजे ते सर्ट्युइन आत कामाला लागलंय. बायकोच्या दंडाचं नुसतं हाड राहिलं, तरी म्हणायचो, चरबी जळतेय, बरोबर चाललंय.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "अवो, गोड माडी आना ना. आंबली नसंल अशी."

पोरगी विहिरीवर कपडे धूत होती. तिला जाऊन विचारलं, माडीत साखर असते, दिली तर आतलं काम थांबेल का?

तिच्या हातातला पिळा तसाच राहिला. "बाबा, ती धडधाकट पेशींची गोष्ट. आईची भूक तसली नाही. तिला गाठ खातेय."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच माझं ऐकत होता."

आतून चुना लावला की मडक्यातली माडी गोड राहते. तसलं मडकं मी त्याच संध्याकाळी माडाला बांधलं. सकाळी उतरवलं, माडी फडक्यातून गाळून तिला वाटीने पाजली. दोन घोट गेले, तिसरा हनुवटीवरून गळ्यावर ओघळला.

"जन्मभर गावाला पाजलीत," ती म्हणाली, "माझा नंबर आज लागला."

त्याच आठवड्यात ती गेली.

पोरगी आता लांब असते. फोन करून जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. एकदाच जेवतो, तेही थोडं. म्हणजे माझ्यातलं ते सर्ट्युइन जागं असणार, मला जगवत असणार. कोणी सांगितलंय त्याला?