सोयाबीनवर धरणारा टायर

चूक कुणाची, टायरची की सोयाबीनची, असं मला अजूनही कुणी विचारलं तर मी म्हणते, बाबा, मला शिवणकामाचं विचार. बाही काखेत कुठं ओढते ते मी समोरच्या फुटपाथवरून सांगीन. पण या प्रकरणात माझं डोकं तेव्हाही चाललं नाही आणि आताही चालत नाही.

आमच्या यांचं चिखलीत कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. शेतकरी गोंधळलेला येतो, कोणतं बियाणं घेऊ म्हणतो. हे विचारतात, जमीन कशी, पाणी किती, आणि एक पिशवी उचलून त्याच्या हातात ठेवतात. विषय संपला. असा हा माणूस पन्नाशीला आला आणि एक दिवस पुण्याहून भली मोठी सेकंडहँड मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला. "हिले स्पोर्ट टूरिंग म्हणतात," म्हणाले. म्हणजे काय? तर लांबच्या प्रवासाची, अन् जोरात पळणारीही. मी म्हटलं, आपल्याला लांब कुठं जायचं असतं हो? दुकान, घर, नाहीतर माझं माहेर. माझं माहेर दुसरबीडच्या अलीकडं, फाट्यावरून आत. तिथं अंगणात ती गाडी उभी राहिली की सगळी आळी गोळा व्हायची आणि जो तो एकच विचारायचा, "दाजी, किती देते?" हे ॲव्हरेज सांगायचे की लोकांचे चेहरे पडायचे.

माहेर म्हणजे आता एकटा धाकटा भाऊ आणि त्याचं घर. आई-वडील दोघंही गेले. भावाशी बोलणं आहे तोवर माहेर आहे, हे मला न सांगता कळत होतं.

झालं ते सोयाबीन निघायच्या दिवसांत झालं. आमच्याकडं मळणीतून निघालेलं ओलसर सोयाबीन सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. डांबर तापलेलं असतं, माल भराभर वाळतो. कडेनं दगड मांडले की अर्धा रस्ता सोयाबीनचा, अर्धा गाड्यांचा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. भावानं फाट्यावरचं वळण संपतं तिथं, आपल्या शेतासमोरच पसरलं होतं. बियाणं कुठलं? तर यांच्याच दुकानातलं, यांनीच निवडून दिलेलं.

आम्ही वळणावरून आलो, समोरून ट्रॅक्टर आला, यांनी गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक सटकलं. वेग नव्हता म्हणून वाचलो. माझा गुडघा सोलला, पदरात दाणेच दाणे, गाडी आडवी. भाऊ हातातलं दाताळं फेकून धावत आला, मला उठवलं, गुडघा पाहिला. इथपर्यंत सगळं बरं होतं. मग त्याची नजर आडव्या गाडीच्या चाकावर गेली.

"दाजी, टायर पाहा हो तुमचा! पार गुळगुळीत झाला. अशा टायरवर ताईले घेऊन येता?"

यांना मिरच्या झोंबल्या. "माह्या टायरले काही झालं नाही. तू रस्त्यावर छर्रे पसरवतो अन् मले टायर दाखवतो? रस्ता काय तुह्या बापाचा आहे?"

आता त्याचा बाप म्हणजे माझाही बाप. तो बिचारा जाऊन किती काळ लोटला, त्याला या भांडणात कशाला ओढायचं? मला असा संताप आला की गुडघ्याची आग विसरले. भावानं मात्र दाताळं उचललं आणि इकडंतिकडं उडालेले दाणे ओढायला लागला. आम्ही तिथूनच परत फिरलो. चहासुद्धा नाही.

त्यानंतर फोन बंद. त्याचा नाही, यांचाही नाही. दिवाळी जवळ यायला लागली तसा माझा जीव टांगणीला लागला. भाऊबीजेला मी एकटी एस.टी.नं गेले असते, मला काय कुणाची भीती आहे? पण मग गावभर झालं असतं की दाजी आले नाहीत. असं एकदा झालं की पुढं कुणी कुणाला बोलवत नाही, आणि कारण काय होतं ते कुणाला आठवतही नाही. अशी दोन-तीन घरं मला ठाऊक आहेत.

एक दिवस गाडी पुसायचं निमित्त करून मी तो टायर चाचपून पाहिला. मधोमध सपाट, माझ्या कापड कापायच्या टेबलासारखा. हे मागून आलेच. "काठ पाह्य ना, काठ! काठ नवेच आहेत."

काठ खरंच नवे होते. आमचे रस्ते सरळ, गाडी कधी आडवी झुकतच नाही, काठ झिजणार कसे?

"पण मधातून गेला ना?"

"तुले त्यातलं नाही समजत."

"नाही समजत तर नाही समजत. टायर बदलल्याशिवाय मी मागं बसत नाही."

आणि इथं आमचे हे खरे अडकले. टायर बदलला तर भाऊ खरा ठरतो. नाही बदलला तर बायको बसत नाही. यांनी त्यातून एक वाट काढली. म्हणाले, "टायर संपले म्हणून बदलून नाही राह्यलो मी. कंपनी बदलून पाह्यतो."

"हाव, कंपनीच बदला," मी म्हटलं. मला काय, टायर आल्याशी मतलब.

मग कंपनी शोधणं सुरू झालं. जेवताना फोन, दुकानात फोन, आंघोळीला जाताना फोन. फोनवरच्या व्हिडिओत परदेशातली माणसं टायरला बोटं लावून तासतास बोलायची. एक टायर मऊ रबराचा, तो रस्त्याला चिकटतो पण लवकर संपतो. एक कडक, तो संपता संपत नाही पण पावसात भरवसा नाही. तिसरा मधे कडक आणि काठाला मऊ.

"म्हणजे मधात मांजरपाट अन् काठाले रेशीम?" मी विचारलं.

"तसंच म्हण."

"मग आपले तर काठ झिजतच नाहीत. रेशीम काय पाहायले लावायचं?"

यांनी ते सगळे व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. मला वाटलं मी मदत केली, पण मी आणखी घोळ घातला होता. पुढचा एका कंपनीचा आणि मागचा दुसऱ्या कंपनीचा चालतो का, यावर तर यांनी आठवडा घालवला. टायरच्या अंगावरचे आकडे पाठ झाले. झोपेत ते आकडे पुटपुटायचे, आणि मला आधी वाटलं कुणाचा मोबाइल नंबर आहे.

दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांनाही वास लागला. ज्यांना हे आयुष्यभर सल्ला देत आले ते आता यांना देऊ लागले. एक म्हणाला, "टॅक्टरचा टाका सायेब, मरेपर्यंत जात नाही." दुसरा म्हणाला, जुन्यालाच खाचा पाडून आणा, अकोल्याकडं पाडून देतात. हे सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. "काऊन ऐकता हो सगळ्यायचं?" मी ओरडले. तर म्हणतात, "कोणाचं खरं निघन काय सांगावं?" बियाणाची पिशवी एका दमात उचलणारा माझा नवरा असा झालेला पाहून मला हसावं की रडावं कळेना.

मेहकर फाट्यावर टायरचं दुकान आहे, तिथल्या भाईंशी आमचा जुना घरोबा. आम्ही दोघं गेलो. भाईंनी आकडे पाहिले, डोकं खाजवलं. "भाभी, ये साइज आपल्या जिल्ह्यात भेटत नाही." मग आत जाऊन एक टायर घेऊन आले. "हा थोडा बारीक आहे, पण जमून जाते." हे म्हणाले, नाही जमत. भाई म्हणाले, जमते. मी दोघांच्या मधे उभी. मला तर दोन्ही टायर सारखेच काळे आणि सारखेच गोल दिसत होते.

शेवटी पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. हे पंधरा प्रश्न विचारून झाले तरी ठरेना, तेव्हा मी फोन ओढूनच घेतला.

"दादा, मला एकच सांगा. सोयाबीनवर कोणता टायर धरतो?"

"मॅडम, सोयाबीनवर?"

"हो. दाणे. रस्त्यावर वाळत घातलेले."

पोरगा भला होता, हसला नाही. म्हणाला, "मॅडम, तसा टायर जगात कुणीच बनवत नाही."

हे असे फुलले! "ऐकलं? सांग आता तुह्या भावाले!" मग त्या पोरानं जुन्या टायरचा फोटो मागितला. मी खाली जाऊन काढला, मधल्या भागाचा, काठाचा नाही, आणि पाठवून दिला. लगेच त्याचा फोन आला. "मॅडम, या टायरवर तुम्ही मागं बसत होता?" स्पीकर चालू होता. फुललेलं तोंड कुठं ठेवावं ते यांना कळेना.

आणि मी? मी तर पुरतीच गोंधळले. म्हणजे सोयाबीन नसतं तरी आम्ही कुठंतरी पडलोच असतो, आणि टायर नवा असता तरी तिथं पडलोच असतो. भाऊ खरा आणि हेही खरे. आता दोघांतल्या कुणाला खोटं पाडून दुसऱ्याकडं जायचं? खोटा कुणी असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी मशीन बंद केलं आणि यांच्यासमोर बसले. "शेतकऱ्याले तुम्ही काय विचारता? जमीन कशी, पाणी किती. मग ऐका. जमीन म्हणजे चिखली ते दुसरबीडचं डांबर, तेही अर्धं उखडलेलं. पाणी पावसाळ्यात म्हणाल तेवढं. अन् पीक म्हणजे मागं बसलेली मी. द्या आता पिशवी." यांनी मधे कडक, काठाला मऊ आणि पाण्यासाठी खोल खाचांचा तो टायर पुण्याहून मागवून टाकला, पुढचा-मागचा एकाच कंपनीचा. एका मिनिटात.

टायर ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आले. भाईंच्याच दुकानात बसवले. चाकाच्या कडेला ओरखडा नको म्हणून यांनी माझ्याकडून चिंध्यांची पिशवी नेली, आणि तिथं माझ्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपिसांचे तुकडे पहारीखाली सरकवत बसले. टायर कुठल्या दिशेनं फिरायचा तो त्यावरचा बाण पुढं आहे का, हे इतक्या वेळा बघितलं की भाई वैतागले. निघताना भाई मला म्हणाले, "भाभी, चार दिन संभाल के. नया टायर भी फिसलता है." म्हणजे जुना घसरतो आणि नवाही घसरतो! मी त्यांच्यापुढं हातच जोडले.

मी भावाला फोन केला. "भाऊबीजेले येऊ काय रे?"

"तुह्यं घर आहे, विचारते काऊन?" मग थोडं थांबून, "दाजी?"

"पाहू," मी म्हटलं. यांनी तोवर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

भाऊबीजेच्या सकाळी हे गाडी काढून दारात उभे राहिले, पायात ते मोठे बूट, हातात माझं हेल्मेट. सारा रस्ता आम्ही सायकलच्या चालीनं गेलो. फाट्यावरचं वळण आलं तशी मी यांचा खांदा घट्ट धरला. वळण संपलं. आधीच्या शेतासमोर लोकांचा मका पसरलेला, पुढच्या शेतासमोरही. मधला आमचा तुकडा तेवढा रिकामा. नुसता रिकामा नाही, झाडून काढलेला. दगडसुद्धा उचलून बांधावर रचून ठेवलेले. यांनी गाडी आणखी हळू केली.

मग ते सोयाबीन गेलं कुठं? ते घरी गेल्यावर दिसलं. परतीच्या पावसात भिजलेलं शेवटचं सोयाबीन सगळ्या अंगणभर ताडपत्र्यांवर पसरलेलं. ओट्यावर सोयाबीन, बाजेवर सोयाबीन. फाटकापासून दारापर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट सोडलेली. रस्त्यावर केव्हाच वाळलं असतं, इथं झाडाच्या सावलीत ते अजून ओलंच होतं.

भाऊ दारातून उतरून आला. आधी त्यानं गाडीच्या मागच्या चाकाकडं पाहिलं, खोल खाचा, नव्या टायरवरचे ते रबराचे बारीक केस. पाहिलं आणि नजर काढून घेतली. यांनी अंगणाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. आता कुणीतरी बोला रे, मी मनात म्हणत होते. हे हेल्मेट काखेत मारून त्या वाटेवरून निघाले, आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला बुटाखाली दाणे आले. दोन्ही पाय पुढं, हेल्मेट एकीकडं, हे मागं.

भावानं झेप घेऊन यांचा दंड पकडला. यांनी त्याचा सदरा मुठीत पकडला. दोघं तसेच डुलत उभे.

"दाजी," भाऊ म्हणाला, "बुटाचे तळवे घासले काय हो?"

यांचा चेहरा लाल झाला होता, आता काय निघतं तोंडातून कोण जाणे. यांनी भावाला धरूनच एक पाय वर उचलला, बूट उलटा करून नीट पाहिला, अगदी टायर पाहावा तसा.

"हो रे," म्हणाले. "मधातून पार गेले. काठ तेवढे नवे आहेत."