कडी सरकवायची असते

मुलीसाठी नोकरी सोडल्यावर दुसरी मिळाली, तेव्हा ती मुलगी आईच्या खांद्याला लागली होती. नव्या ऑफिसात सगळी पोरं वयाने लहान, त्यामुळे पहिल्याच दिवशी ही बाई सगळ्यांची ताई झाली. साहेबांना मात्र आडपडदा माहीत नव्हता. "एक काम देतो. जमलं तर कायम, नाही जमलं तर राग मानू नका."

काम ऐकून ताईंना हसूच आलं. बाजारातल्या दुकानदारांच्या संघटनेचं अ‍ॅप बाकी सगळं तयार होतं. त्यात फक्त एक बटण घालायचं होतं. दुकान उघडं की बंद, एवढंच त्याने सांगायचं. हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणा ना! पण ते एकदाच लिहून लोकांच्या हातात असतात त्या दोन्ही जातींच्या फोनांवर हुबेहूब सारखं दिसायला हवं होतं आणि त्या शेपटाने ताईंच्या नाकी नऊ आणले. आयती बटणं एका फोनवर गुबगुबीत दिसत, दुसऱ्यावर वाळकी. शेवटी त्यांनी स्वतःच बटण घडवलं. लांबट पट्टी आणि तिच्यात गोल गोटी. बोट टेकवलं की गोटी पलीकडे जाई, पट्टी हिरवी होई. ताईंचा फोन एका जातीचा, नवऱ्याचा दुसऱ्या जातीचा. दोन्हीकडे झकास चाललं.

साहेबांना दाखवायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मोठ्या हौसेने फोन सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी चष्मा चढवला, गोटीवर बोट ठेवलं आणि ओढलं. गोटी ढिम्म हलेना.

"तुझं दुकान काही उघडत नाही गं."

"आई, ओढायचं नाही. नुसतं बोट टेकवून उचलायचं."

"मग कडीसारखं काढलंस कशाला? कडी दिसली की माणूस सरकवणारच."

ताईंचं डोकंच फिरलं. उद्या परीक्षा आणि आज ही खोड! तणतणत त्या पाणी प्यायला उठल्या आणि परत येताना दाराशी थबकल्या. दाराला कडी होती. घरात आल्यावर त्यांनीच ती सरकवली होती. त्यांना स्वतःचंच हसू फुटलं.

"आई, आजचा स्वयंपाक तुम्ही बघाल?"

"बघते. तू तुझ्या कडीला तेल घाल."

दुसऱ्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष स्वतः आले. कुलपांचे व्यापारी, अंगठा चांगला जाडजूड. त्यांनी फोन हातात घेतला. अध्यक्षांनी गोटीवर अंगठा ठेवला आणि ओढला. गोटी सुळकन सरकली, पट्टी हिरवीगार झाली. मग काय, अध्यक्ष लहान मुलासारखे दुकान उघडत आणि बंद करत बसले. "हे कसं, आमच्या हाताला कळतंय!" साहेब हसून म्हणाले, "ताई, उद्या या सही करायला."

घरी येऊन ताईंनी बेल दाबली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"सरकलं का गं?" दार उघडता उघडताच सासूबाईंनी विचारलं.

"सरकलं, आई!"

सासूबाईंनी त्यांच्या हातात एक पिशवी ठेवली. आत जेवणाचा नवाकोरा डबा होता, ऑफिसात न्यायचा.

"इतक्यात कधी आणलात?"

"सकाळीच. तू बाहेर पडलीस आणि मी दुकानात गेले."

ताईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी उंबऱ्यातच दोन्ही केलं.