चौदा नंबरचा ड्रम

काटेकाकूंचा दिवसाचा पहिला संशय काट्यावर असे. सकाळी साडेसातला संशोधन केंद्रामागच्या जाळीच्या शेडमध्ये शिरल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या वजनकाट्यावर पाच किलोची दोन मापं ठेवून बघत. काटा बरोबर दहावर थांबला, तरी एक माप उचलून पुन्हा ठेवत. वडील धान्याच्या दुकानात तोलाईचं काम करायचे, त्यांच्या हाताखाली वाढलेली ही बाई. खोटं आधी काट्यात शिरतं आणि मग माणसांत, अशी तिची पक्की समजूत. काट्यानंतर नंबर दूधवाल्याचा, त्यानंतर जावयाचा आणि अलीकडे नवऱ्याचाही. उभी हयात बस चालवण्यात घालवलेला हा अबोल माणूस उन्हाळा लागल्यापासून रोज दुपारी स्वतः डबा घेऊन यायला लागला होता. "घरी बसून कंटाळा येतो," म्हणायचा. काकूंना हे कारण काही पटत नव्हतं, पण दुसरं सापडतही नव्हतं.

शेडमध्ये साठ ड्रम होते आणि सगळ्यांत एकाच जातीची रोपं. डावीकडच्या तीस रोपांना पोटभर पाणी, उजवीकडच्या तिसांना जेमतेम. काकू रोज एकेक ड्रम ढकलगाडीवरून काट्यावर आणायच्या, वजन वहीत लिहायच्या आणि काटा ठरलेल्या आकड्यावर येईल एवढंच पाणी मोजून घालायच्या. किती घातलं तेही लिहायच्या. दुपारी दोनला डॉक्टरीणबाई यायच्या. माणसांच्या नव्हे, झाडांच्या. हातातल्या बंदुकीसारख्या यंत्राने त्या पानाचा ताप बघायच्या आणि पानाला चिमटा लावून ते किती कार्बन घेतंय ते मोजायच्या.

"काकू, पानाला बारीक बारीक तोंडं असतात," बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "ती उघडली की हवेतला कार्बन आत जातो, झाडाचं पोट भरतं. पण त्याच तोंडातून पाणी उडून जातं. पाणी उडालं की पान गार. तहानलेलं झाड तोंडं मिटून घेतं. मग तापतं आणि उपाशीही राहतं."

"आणि आपण ते मुद्दाम करायचं?"

"किती सोसतं ते कळायला नको?"

काकूंनी मान हलवली, पण जीव तुटायचा. या वर्षी उन्हाळा लागताच उजव्या रांगेतल्या चौदा नंबरने मान टाकली, तेव्हा संध्याकाळी त्यांना घास गिळवेना. "चौदा नंबर काही जगत नाही," एवढं बोलून त्या ताटावरून उठल्या. नवरा खाली मान घालून जेवत राहिला.

पण चौदा नंबर जगला, आणि नुसता जगला नाही तर तरारला. महिन्याभराने आजूबाजूची पानं एकेचाळीस अंशांवर भाजत असताना याचं पान पस्तिसावर! डॉक्टरीणबाईंनी यंत्र बदलून बघितलं, आकडा तोच. मग त्यांनी काकूंची वही उघडली आणि खुर्चीवरून उठल्याच. शेजारच्या ड्रमांना रोज अर्धा लिटर पाणी लागत होतं, चौदाला जेमतेम पावशेर.

"काकू, हे रोप पाणी कमी पितं, गार राहतं आणि वर कार्बन जास्त खातं! असं कुणी पाहिलेलं नाही."

बाईंची नोकरी वर्षावर्षाच्या कागदावर चाललेली, सहा वर्षं झाली तरी कायम नाही. पुढच्या महिन्यात मोठी परिषद होती. तिथे हे मांडलं की कायमपणा चालत येईल, असं केंद्राच्या साहेबांनीच त्यांना सांगितलं. केंद्रात केक कापला. शिपायाने चौदा नंबरसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला.

काकूंच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. गार राहायचं तर पाणी उडायला हवं, हे बाईंनीच शिकवलेलं. मी पाणी कमी घालतेय आणि हे जास्त उडवतंय, मग वरचं आणतंय कुठून? माहेरून? तहानलेल्याच्या अंगी अशी किमया असती तर उरलेले एकोणतीस काय झोपा काढत होते?

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी पाणी घालून झाल्यावर चौदा नंबर दहाला काट्यावर चढवला, बाराला पुन्हा चढवला. वजन थोडं घटलं होतं, जसं घटायला हवं तसं. सव्वा वाजता पुन्हा चढवला आणि काकूंनी काट्यावरची मापं दोनदा तपासली. ड्रम अर्धा किलोने वाढला होता. भर उन्हात झाड काही जड होत नाही!

बारा ते सव्वा, मी जेवणाआधी हात धुवायला नळावर जाते तेव्हा, शेडमध्ये नवऱ्याशिवाय कोण येतं? शिपाई तेव्हा जेवायला घरी जातो, पहारेकरी फाटक सोडत नाही. जाळीच्या दाराची किल्ली काकूंकडे आणि डॉक्टरीणबाईंकडे. सहा वर्षं लटकलेली बाई, वय वाढतंय, आईचं आजारपण घरात. मोह कुणाला होत नाही? सकाळची पाण्याची वही माझ्या अक्षरात, म्हणजे उद्या बोभाटा झाला तर काटेकाकूंनीच लबाडी केली म्हणतील. बाईंचा त्यांना राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण या केंद्रात त्यांना "काकू, तुमचा हात खरा आहे" म्हणणारी तीच एक होती.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला नवरा डबा घेऊन आला. "तुम्ही बसा, मी हात धुऊन आले," म्हणून काकू बाहेर पडल्या आणि मागच्या अवजारांच्या खोलीत जाऊन जाळीला डोळा लावून उभ्या राहिल्या. बाई आल्या की यांच्यासमोर काय करतात तेच बघायचं होतं.

बाई आल्याच नाहीत. नवऱ्याने डबा स्टुलावर ठेवला. बाटलीतलं पाणी अर्धं प्यायला. बस सुरू करायच्या आधी आरशात बघावं तसं मागे वळून बघितलं, मग उरलेलं पाणी चौदा नंबरमध्ये हळूहळू ओतलं आणि ओली माती बोटाने दाबून वर सुकी माती पसरली.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो!" त्या धावतच आत आल्या. "हे काय करताय?"

तो दचकला. बाटली मागे लपवायचा प्रयत्नही त्याला नीट जमला नाही. "अगं, तूच म्हणालीस ना, चौदा जगत नाही."

"मग?"

"जेवली नव्हतीस त्या दिवशी."

इतकंच. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझं ऐकतो की नाही, हा काकूंचा सगळ्यात जुना संशय होता. तो असा फिटावा! त्यांना रडूही आलं आणि याला चार शब्द सुनवावेसेही वाटले. दोन्ही गिळून त्यांनी वही काढली आणि लिहिलं: "चौदा नंबरला सुमारे महिनाभर रोज दुपारी अर्धी बाटली पाणी. घालणारा माझा नवरा. चूक आमची." खाली सही केली.

नवऱ्याने वाचलं. "तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. बाईंना परिषदेत शंभर माणसांसमोर उभं राहायचंय."

दोनला डॉक्टरीणबाई आल्या. काकूंनी बोलायच्या आधी वहीच पुढे केली. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंच नसतं. का सांगितलंत?"

"काल मला तुमचाच संशय आला होता, बाई," काकू म्हणाल्या. "तो कुठेतरी फेडायला हवा ना."

बाईंनी परिषदेला पाठवलेला कागद मागे घेतला. त्यांची नोकरी पुन्हा एका वर्षाच्या कागदावर गेली. काकूंना त्यांनी काढलं नाही. साहेबांना म्हणाल्या, चूक पकडणारं माणूस मला हवंय. काकूंनी मात्र स्वतःहून एक नियम केला. नवरा आत येताना त्याची बाटली काट्यावर ठेवायची आणि जातानाही. प्यालेलं पाणी त्याने तोंडाने सांगायचं, ते वहीत उतरायचं. तो मुकाट सांगायचा.

चौदाव्या ड्रमला आता सकाळी मोजलेलं तेवढंच पाणी. आठवड्याभरात त्याचं पान एकेचाळिसावर गेलं आणि दुपारी मान टाकायला लागलं. काकूंनी आकडा लिहिला, स्टूल उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि नवऱ्याला शेजारी बसवलं. चौदा नंबरकडे पाठ करून दोघांनी डबा उघडला. त्याने बाटलीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं, आणि काकूंनी त्या दिवशी बाटली तोलली नाही.