बार ऐकून पळणारं पिल्लू आणि दोन्या सुल्मा

तर सुल्मानं शिकारीसाठी वाढवलेलं ते तांबडं कुत्रं शेवटी सापडलं कुठे, हे सांगायचं राहूनच गेलं. चार माणसं अर्धा दिवस गवत तुडवत होती. ओढा बघून झाला, निलगिरीचं बन पालथं घातलं, शिट्ट्या मारत मारत शेजारच्या मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत जाऊन आले. आणि कुत्रं कुठे? दोन्या सुल्माच्या, म्हणजे सुल्माबाईंच्या, स्वयंपाकघरात, रश्श्याच्या पातेल्यासमोर, शेपटीनं फरशी झाडत बसलेलं! शिकारीचा पहिला बार उडाला मात्र, बहाद्दर साडेतीन किलोमीटर कुंपणांखालून सरपटत थेट जेवायला आला होता. भ्यालं नव्हतं बरं का. भुकेलं होतं.

चूक सुल्माची होती आणि तिनं ती कधी लपवली नाही. ते पिल्लू असताना त्याला बाराच्या आवाजाची सवय लावायची म्हणून ती पातेल्याचं झाकण आपटायची आणि लगेच हातानं कलेजीचा तुकडा भरवायची. पिल्लानं हिशेब सरळ मांडला: मोठा आवाज म्हणजे सुल्मा, आणि सुल्मा म्हणजे कलेजी. बिचाऱ्याचं काय चुकलं?

पासो सेइबो गावच्या दुकानात हे प्रकरण दोन हिवाळे पुरलं. सुल्मा साखर घ्यायला आली की गल्ल्यावरचा नेल्सन विचारायचा, "काय दोन्या सुल्मा, आज किती बारांवर जेवण आहे?"

"तुला बोलवायला बार कशाला लागतो, नेल्सन?" सुल्मा पिशवी पुढे करत म्हणायची. "तुला तर झाकण उघडल्याचा वासच पुरतो."

पण घरी गेल्यावर तिनं विचार केला, आणि पुढच्या पिल्लापासून पद्धत बदलली. आवाज झाला की तुकडा हातात द्यायचा नाही. पुढे, लांब गवतात भिरकावायचा. आवाज झाला म्हणजे मागे माणसाकडे वळायचं नाही, समोर काहीतरी चांगलं पडलंय, ते शोधायचं. एवढासा फरक. पण तो फरक मोठमोठ्या शिकाऱ्यांना सुचला नव्हता, तो अठ्ठावीस वर्षं शाळेत पोरांसाठी रस्सा रांधणाऱ्या बाईला सुचला.

बंदूक तिनं जन्मात हातात धरली नव्हती. ठेंगणी, रुंद, बोलायला लागली की शाळेची घंटा वाजवायची गरज नाही अशी. शाळेतल्या चुलीमागे कुणी ना कुणी पिल्लू आणून बांधायचं, कारण तिथं ऊब आणि उष्टं दोन्ही मिळायचं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की सुल्माच्या पातेल्यांच्या खणखणाटात वाढलेली कुत्री शिकारीत दचकत नाहीत. ती निवृत्त झाली तशी पिल्लं तिच्या घरी यायला लागली.

मदतीला नवरा, लीबेर. अंगणापासून दीडशे पावलांवरच्या फाटकापाशी तो दोन फळ्या घेऊन उभा राहायचा, माते नावाच्या कडसर चहासाठीच्या गरम पाण्याचा थर्मास बगलेत तसाच. सुल्मानं एप्रन उचललं की फळ्या एकमेकींवर आपटायच्या. ती फळ्यांकडे बघायचीच नाही. तिची नजर पिल्लाच्या शेपटीवर. शेपटी वर राहिली तर उद्या लीबेर दहा पावलं जवळ. खाली गेली तर आजच दुप्पट लांब.

"माझं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, बायको मला जवळ बोलावील," लीबेर फाटकावरून ओरडायचा.

"तुझी शेपटी वर दिसली की बोलावते!" अंगणातून उत्तर जायचं.

अशी तिनं अकरा कुत्री तयार केली. पण तिचं खरं मोठेपण दिसलं ते तेरोच्या वेळी.

वाल्देमार इरिगोयेन हा तारेची कुंपणं घालणारा माणूस. वय एकाहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी राजधानीत, मॉन्टेव्हिडिओला. सोबतीला होती पेर्ला, तितरं हुडकणारी पांढरी कुत्री. तिला उतारवयात एकच पिल्लू झालं आणि त्याच उन्हाळ्यात ती गेली. पिल्लाचे पाय टिटवीसारखे लांबुळके, आणि तिथल्या भाषेत टिटवी म्हणजे तेरो, म्हणून नाव पडलं तेरो.

फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सणाच्या सुट्टीत मुलगी आणि जावई आले. जावई फाब्रिसियो, शहरात गोदामाचा धंदा, मनानं वाईट नाही, पण नवी बंदूक घेऊन आलेला. पिल्लात आईचं रक्त असेल तर ते पहिल्याच बाराला कळतं, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. चार महिन्यांचं पिल्लू परसात थाळीत तोंड घालून खात होतं, आणि यानं त्याच्या डोक्यावरून दोन्ही नळ्यांचे बार एकदम काढले.

तेरो तारेतून अंग सोलून पळाला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीखाली सापडला. त्यानंतर त्याला थाळीची भीती, दाराच्या कडीची भीती, चमच्याची भीती. थाळी दिसली की मुततच मागे सरायचा.

तो सापडला त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मुलीनं पुन्हा जुना विषय काढला: बाबा, एकटे राहू नका, आमच्याकडे चला. वाल्देमार दरवर्षीसारखं म्हणाला, "माझ्याबरोबर रानात चालणारं कुत्रं आहे तोवर मी इथंच." मुलीनं टेबलाखाली लपलेल्या पिल्लाकडे नुसतं बघितलं. म्हातारा वरमला आणि रागाच्या भरात शब्द देऊन बसला: "एक मेला शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी हा बाराला उभा राहिला तर राहिला. नाहीतर मी तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येतो, आणि याला घाला तुमच्या गोदामाच्या साखळीला."

दुसऱ्या दिवशी पिल्लू कोटात गुंडाळून तो सुल्माच्या दारात उभा.

"सुल्मा, याला फळ्या ऐकव."

सुल्मानं कोट बाजूला करून बघितलं. पिल्लू थरथरत होतं.

"फळ्या नाहीत," ती म्हणाली. "याला आधी काहीच ऐकवायचं नाही. तू घरी जा. आणि येशील तेव्हा बूट बाहेर काढ, तुझ्या टाचा घोड्यासारख्या वाजतात."

मग जे घर गावात सगळ्यात गोंगाटाचं, ते मुकं झालं. झाकणांना फडकी बांधली. रेडिओ शेजारणीकडे गेला. लीबेरच्या हाती लाकडी चमचा आला. सुल्मा, जिचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा, ती कुजबुजायला लागली. दुकानात चर्चा: "अरे, सुल्माच्या घरी कुणी आजारी आहे का?" लीबेर म्हणाला, "मी आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायको हळू बोलतेय, माझी छाती धडधडते."

तेरोला खाणं थाळीत नाही, तर तिच्या मांडीवरच्या एप्रनात. तीन आठवडे तेवढंच. वाल्देमार मोजे घालून यायचा, भिंतीशी थोडा वेळ बसायचा आणि जायचा.

मग एका सकाळी सुल्मानं परसात जुना वाकडा पत्रा टाकला आणि त्यावर बैलाच्या गुडघ्याचं एक हाड ठेवून दिलं. ती स्वतः लांब जाऊन बटाटे सोलत बसली. तेरो आला. हाड ओढलं. पत्रा खडखडला. तेरो उडी मारून मागे. पत्रा गप्प. पुन्हा आला, पुन्हा ओढलं, पुन्हा खडखडाट, पुन्हा मागे, पण या वेळी अर्धीच उडी. दुपारपर्यंत पठ्ठ्या चारही पायांनी पत्र्यावर उभा राहून हाड कडाकडा फोडत होता आणि पत्रा तर असा वाजत होता की मेंढ्या पळाल्या.

वाल्देमार तोंड उघडं टाकून बघत राहिला. "हे कसं केलंस?"

"मी काय केलं? आवाज त्याचा तोच करतोय," सुल्मा कुजबुजली. "तुझ्या जावयानं आवाज त्याच्या अंगावर फेकला. आता तो स्वतः काढतो, तोच थांबवतो. धनी तोच आहे."

पत्र्यानंतर डबे आले. रिकाम्या डब्यांच्या ढिगाखाली कलेजी. तेरोला ढीग पाडावा लागायचा. पहिल्या दिवशी नाकानं हळूच ढकलला, आठव्या दिवशी धावत येऊन छातीनं उधळला. मग झाकणांची फडकी सुटली. मग रेडिओ परत आला, सुल्माचा आवाजही, आणि लीबेर म्हणाला की आता बरं वाटतंय. मग तो फळ्या घेऊन निघाला, दीडशे नव्हे, चारशे पावलांवर, टेकाडापलीकडे. इथं सुल्मा दोरीला बांधलेला तितराचा पंख गवतातून ओढायची, तेरो त्याच्यामागे, आणि तो धावत असतानाच पलीकडून फळ्यांचा आवाज यायचा. कान हलायचे. पाय थांबायचे नाहीत.

एप्रिलच्या शेवटी वाल्देमार बंदूक घेऊन आला.

"ती फाटकाबाहेर," सुल्मा म्हणाली.

"अगं, पाच दिवस उरलेत!"

"पाच उरलेत म्हणून तर. तू टेकाडापलीकडे उभा राहा. मी एप्रन हलवल्याशिवाय चाप ओढलास तर रस्सा बंद."

एक बार, टेकाडापलीकडून. दुसऱ्या दिवशी एक, टेकाडावरून. तिसऱ्या दिवशी शेपटी खाली गेली, तेव्हा पुन्हा टेकाडापलीकडे. वाल्देमार दिवस मोजत होता, सुल्मा शेपटी.

एक मेची सकाळ. तिकडे मे म्हणजे थंडीची सुरुवात, गवतावर दहिवर. फाब्रिसियो आदल्या दिवशीच आला होता, बंदूक घेऊन तयार. सुल्मा रबरी बूट चढवून, एप्रन लावून रानात हजर. शिकारीला ती आयुष्यात पहिल्यांदा निघाली होती.

"आज बंदूक एकच," तिनं जाहीर केलं. "वाल्देमारची. फाब्रिसियो, तुम्ही ही टोपली घ्या."

"यात काय आहे, दोन्या सुल्मा?"

"तळलेल्या पुऱ्या. यांचा बार उडत नाही, घाबरू नका."

जावई मुकाट्यानं टोपली घेऊन मागून चालायला लागला. तेरो पुढे, वाऱ्यावर नाक, गवतात इकडून तिकडे. ओढ्याच्या उतारावर तो एकदम थिजला. एक पाय वर, शेपटी ताठ, हुबेहूब पेर्ला. वाल्देमारनं खांद्यावरची बंदूक हातात घेतली. तो दोन पावलं पुढे गेला, तितर फडफडून उडालं, त्यानं बंदूक खांद्याला लावली. आणि बार काही उडाला नाही.

तितर गेलं. तेरो वळून बघायला लागला.

थोडं पुढे दुसरं तितर. तेरो थिजला, पक्षी उडाला, बंदूक खांद्याला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यालाही तसंच. थंडीत वाल्देमारच्या कपाळावर घाम. पिल्लू तयार होतं. माणूसच भ्याला होता. बोट एवढंसं दाबायचं, पण त्या बोटाखाली त्याचं घर होतं, कुंपणं होती, आणि टाकीखाली सापडलेलं ते भेदरलेलं पिल्लू होतं.

"सुल्मा, हा पळाला तर?"

सुल्मा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "पळाला तर मी पुन्हा पत्रा टाकीन. पण तू बार काढलाच नाहीस तर त्याला वाटेल, आपण दाखवतोय ते खोटं. तीनदा त्यानं तुला पक्षी दाखवला, वाल्देमार. चौथ्यांदा तो दाखवणार नाही."

पण दाखवला. निवडुंगाच्या झुडपापाशी तेरो असा थिजला की वाराही थांबल्यासारखा वाटला. तितर उडालं. सुल्मानं, सवयीनं, एप्रन वर उचललं. आणि वाल्देमारनं बोट दाबलं.

ओढा दणाणला. तेरोची मागची टांग मुडपली. शेपटी खाली गेली, पार पोटाखाली. फाब्रिसियोनं टोपली जमिनीवर ठेवली. सुल्मा ओरडली नाही, हाक मारली नाही, जागची हलली नाही. फक्त शेपटीकडे बघत राहिली. एक क्षण, दोन, तीन. मग शेपटीचं टोक हललं. तेरोनं मान वळवली, मागे नाही, पुढे, जिथं पक्षी पडला होता तिकडे. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मग ते लांबुळके पाय असे सुटले की गवत दुभंगत गेलं.

तो आला तेव्हा तोंडात तितर होतं, पंख दोन्हीकडून लोंबत होते, आणि शेपटी झेंड्यासारखी. आला तो सरळ वाल्देमारच्या बुटांपाशी. वाल्देमारला मात्र समोरचं दिसत नव्हतं. तो बाहीनं डोळे पुसत उभा होता. जावई हळूच म्हणाला, "मी घरी फोन करतो. तुमच्यासाठी एक खोली आम्ही रिकामी करत होतो, ती आता राहू दे म्हणून सांगतो."

वाल्देमारनं मान हलवली. मग सुल्माकडे वळून विचारलं, "खरं सांग, गेली ना त्याची भीती?"

सुल्मा म्हणाली, "जाईल कुठे? तुझी गेली का? आहे तिथंच आहे, पण आता त्याला तिच्यापेक्षा महत्त्वाचं काम मिळालंय. आणि तू रडत काय उभा राहिलास, तो पक्षी घे आधी त्याच्या तोंडातून, लेकराचा जबडा दुखायला लागला असेल!"