ताटं वाचणारी धाकटी

उपनगरात बाहेर जेवायला कुठे जायचं, हे तुम्ही कसं ठरवता? मोबाइलवरचे तारे मोजून? मग आमच्या भागातली ती सात टेबलांची खानावळ तुम्हाला जन्मात सापडायची नाही. बस आगाराच्या मागे, टायरच्या दुकानाला खेटून आहे. पाटीवरची निम्मी अक्षरं उडालीत. मी सांगते म्हणून जा, पण आधी धाकटीबद्दल ऐकून घ्या, कारण जेवताना ती तुम्हाला दिसणार नाही.

खानावळ दोन जावांची. थोरली रांधते, धाकटी भांडी घासते, आणि सगळा भाग त्यांना याच नावांनी ओळखतो. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोन वर्षांच्या अंतरानं दोघंही गेले. मग थोरलीनं शेगडी पेटवली, धाकटी मोरीपाशी उभी राहिली, आणि अठरा वर्षं तशीच उभी आहे. झोपायला वर एक खोली, एकच खिडकी. दोघींना तिसरं कुणी नाही.

थोरलीचा स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे वाईट. तिचा नियम होता, वाढण्याआधी पातेल्यात चमचा घालायचा नाही. "चाखून बघायचं म्हणजे आपल्याच हातावर संशय," असं म्हणायची. वाफ नाकाशी आली की मीठ किती ते तिला कळायचं. टेबलावर मीठदाणीही ठेवायची नाही. ठेवली की स्वयंपाकीण आळशी होते म्हणे.

धाकटीचं शास्त्र वेगळं. तिच्यापुढे येतात ती उष्टी ताटं. भात मधोमध ढिगानं राहिला तर रस्सा कमी पडला. बटाट्याला एकच दात लागलेला तर आत कच्चा. पाण्याचे पेले दोनदा भरून गेले तर मीठ वर गेलं. मोरी आणि शेगडीमध्ये एक झरोका आहे, त्यातून ती हाक मारायची.

"जाऊबाई, बटाटा परत येतोय."

"येऊ दे. तुझ्या बटाट्याला काय अक्कल आहे," म्हणत थोरली आच पाच मिनिटं जास्त ठेवायची.

मी एकदा धाकटीला विचारलं होतं, "लोकांची उष्टी कसली बघत बसता?"

"तोंडावर सगळे छानच म्हणतात, ताई. ताटाला कुठे भीड असते? फक्त लहान पोरांची ताटं मी हिशेबात धरत नाही. आणि भांडून आलेल्या नवराबायकोची."

मागच्या वर्षी थोरलीला ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. वास नाही, चवही नाही. तोंडात कागद घातल्यासारखं लागायचं. तिनं कुणाला सांगितलं नाही. चव न कळणाऱ्या बाईच्या हातचं कोण जेवणार? खानावळ गेली की वरची खोलीही गेली. पण चौथ्या दिवशी धाकटीला ताटांवरून कळलं. तीही काही बोलली नाही. पहिली चार ताटं झटक्यात बघायची आणि झरोक्यातून हळूच सांगायची, "आज जरा जास्त पाणी पितायत." थोरली पातेल्यात पाणी, भाजी, जे लागेल ते वाढवायची. तीन महिने असं चाललं. एका छताखाली झोपून दोघींनी तो विषय काढला नाही.

आणि मग मी घोळ घातला.

आमच्या भाडेकरू संघटनेची बैठक होती, मी तिची पुढारी. बैठकीनंतर चाळीस माणसांचं जेवण थोरलीकडे. आदल्या खेपेला लोकांनी पाव चिवडून टाकलेला मी पाहिला होता आणि माझी सटकली होती. सगळ्यांना उभं करून सुनावलं होतं, "ज्याच्या ताटात शीत राहील, त्यानं पुढच्या मोर्चात माझ्या शेजारी उभं राहायचं नाही." मला वाटतं, मी बोलले की लोक ऐकतात. त्या दिवशी खरंच ऐकलं.

पहिल्याच घासाला कळलं, रस्सा ठार अळणी. चाळीस जणांच्या गडबडीत थोरली मीठ घालायचंच विसरली होती. मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी कशी तोंड उघडणार? गुमान गिळलं. त्यांनीही गिळलं. चाळीस ताटं लख्ख होऊन मोरीत गेली.

"जाऊबाई, आज ताटात काही म्हणजे काही ठेवलेलं नाही," झरोक्यातून हाक आली. आणि थोरली हसली. तीन महिन्यांनी.

त्याच पातेल्यातला रस्सा एक वाजताच्या गर्दीला गेला. मी हिशेब चुकता करायला मागे थांबले होते. रोजचा बसचालक जेवायला बसला होता. त्यानं दोन घास घेतले आणि म्हणाला, "काकू, मिठाशी भांडण झालं का?" दुसऱ्या टेबलावर कुणी हसलं, तिसऱ्यावरचा ताट सरकवून उठला. थोरली पळी हातात घेऊनच बाहेर आली. बसचालकाच्या ताटातला घास उचलून तिनं तोंडात टाकला. चावत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "तीन महिने झाले. उद्यापासून खानावळ बंद."

तिनं आत जाऊन शेगडी विझवली. तेवढ्यात धाकटी बाहेर आली. कोपरापर्यंत साबण. मी तिला त्या दालनात पहिल्यांदाच पाहत होते. ती सरळ माझ्यापुढे आली.

"ताई, तुमच्या माणसांनी खोटं का खाल्लं?"

साहेबांच्या टेबलावर हात आपटणारी मी, फरशीकडे बघत पुटपुटले. शीत टाकायचं नाही असा दम मीच दिला होता.

"माणसांना घाबरवा हो," ती म्हणाली. "ताटांना कशाला?"

मग ती आतल्या दाराकडे वळली. "जाऊबाई, उद्या शेगडी पेटेल. पातेल्यात चमचा घालू नका म्हणता ना, नाही घालत. मी गिऱ्हाईक म्हणून बसते. गिऱ्हाइकाला वाढाल की नाही?"

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेले. माफी मागायची होती, जमत नव्हती. धाकटी हात कोरडे करून खिडकीजवळच्या टेबलावर बसली होती, परक्याच्या घरी बसावं तशी, अंग चोरून. अठरा वर्षं ती तीन वाजता, मोरीपाशी उभ्यानं, उरलंसुरलं गार खायची. थोरलीनं ताट आणून ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. धाकटीनं घास घेतला. डोळे मिटले.

"काय गं? मीठ?"

"थांबा जाऊबाई. गरम कसं लागतं ते आधी बघू दे."

थोरलीनं खुर्ची ओढली आणि समोर बसली. दोघींपैकी कुणालाच घाई नव्हती.

"अजून चिमूटभर," धाकटी शेवटी म्हणाली.

तेव्हापासून रोज अकराला पहिलं ताट धाकटीचं. बाराला ती पुन्हा मोरीपाशी असते, कारण एका जिभेवर विसंबायचं नाही, असं तिचं म्हणणं. बसचालक आठवड्याभरानं परतला. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगतो, "बसा, चाखून झालंय."

तर जा. आगाराच्या मागे, टायरच्या दुकानाशेजारी. आवडलं तर पोटभर जेवा. आणि काही बिघडलं असेल, तर कृपा करून माझ्यासारखं गिळू नका. तेवढं ताटात तसंच राहू द्या. झरोक्यापलीकडे धाकटी आहे, तिला खरं कळू द्या.