पिवळा दिवा आणि सांब्राणी

चेन्नईत पिढ्यानपिढ्या रुळलेल्या तंजावरी मराठी कुटुंबातले अमरसिंहराव बँकेतून निवृत्त झाले आणि दोन हजार आठ साली त्यांनी जुनी मोटार घेतली. हौस एकच, अन्नपूर्णाबाईंना शेजारी बसवून तंजावरला न्यायचं. पण इंजिनाचा पिवळा दिवा काही केल्या विझेना! रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणलेलं, बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र दर वेळी एकाच ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवी. रावांनी सेन्सर बदलला, तारा तपासल्या. चार दिवसांत तोच कोड पुन्हा हजर.

शेवटी रावांनी चलाखी केली. बायको बसायच्या आत यंत्राने कोड पुसून टाकला. दिवा विझला, स्वारी खुशीत निघाली, आणि तांबरम स्टेशन येता येता दिव्याने पुन्हा डोळे वटारले. चलाखी बाईंच्या लक्षात आली; त्या तिथेच उतरल्या आणि लोकलने घरी परतल्या. भाचीच्या लग्नाला तंजावरला जायचं होतं, त्यासाठी त्यांनी एग्मोरहून रेल्वेचं तिकीट काढलं, तेही एकटीचं. हे मात्र रावांच्या फार जिव्हारी लागलं.

शुक्रवारी बाई देवघरात सांब्राणीचा धूप घालत होत्या. मिटलेल्या दाराच्या फटीतून धुराची रेघ बाहेर येताना दिसली आणि राव ताडकन उठले.

"ते धुपाटणं दे इकडं!"

"अय्यो! देवाच्या आधी गाडीला?"

इंजिन बंद होतं, गार होतं. हवेच्या फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला रावांनी पुठ्ठ्याचं नरसाळं लावलं आणि आत धूर फुंकला. खोकून खोकून बिचाऱ्यांचे डोळे लाल झाले.

"अहो, तिथं बघा, खालून येतोय!" बाई ओरडल्या.

नळीच्या घडीत केसाएवढी चीर होती. तिथून जास्तीची हवा आत शिरत होती, आणि सेन्सर इमानाने तेच सांगत होता. रावांनी उगाच त्याला खोटं ठरवलं होतं.

नवी नळी बसली. लग्नाला निघायच्या सकाळी बाईंनी विचारलं, "काय हो, नीट केलात की नुसतं पुसलात?"

राव वरमले. त्यांनी यंत्र बाईंच्या हाती दिलं. "हे तुझ्याकडंच ठेव. म्हणजे वाटेत मला पुसता यायचं नाही."

"सेरी, ठेवते. पण तांबरमला दिवा लागला, तर मी तिथूनच रेल्वेत चढणार. तिकीट पिशवीत आहे."

तांबरम आलं. दिवा लागला नाही. स्टेशन मागे पडलं, तरी लागला नाही. रावांना आनंदाने गावंसं वाटलं.

"बघितलंस?"

दिव्यावर पहारा करायला बसलेल्या अन्नपूर्णाबाई यंत्र मांडीवर ठेवून गाढ झोपल्या होत्या. पुढे बराच वेळ रावांनी हॉर्न वाजवला नाही.