काडेपेटीचा डबा

दाजी गेल्याचा निरोप घेऊन चिंचवडगावातला एक ओळखीचा माणूस सायकलवरून पिंपरीला मी नोकरीला होतो त्या कारखान्याच्या फाटकाशी आला, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर उभा राहून सिगरेट पेटवत होतो. तो म्हणाला, "गणपतराव शेडमध्येच बसल्या जागी गेले." मी पेटलेली काडी घाईघाईनं विझवली. का, ते माझं मलाच कळलं नाही. दाजींच्या शेडचं नाव निघालं की हात आपोआप तसा वागायचा, इतकी त्यांनी आम्हाला सवय लावली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सेल्युलॉइडच्या फण्या करत. शेडला ते कारखाना म्हणत आणि मी मुद्दाम शेड म्हणत असे. सेल्युलॉइड कापताना त्याला कापराचा वास सुटतो. तो दाजींच्या सदऱ्यात कायमचा मुरलेला असायचा, त्यामुळे एस.टी.त शेजारी बसलेले लोक त्यांना देवदर्शनाहून आलेले समजत. जन्मात देवळाची पायरी न चढलेला माणूस! पण हे सेल्युलॉइड ठिणगी पडली तर भडकतं, म्हणून शेडच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता. येणाऱ्यानं खिशातली काडेपेटी त्यात टाकायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. पाहुणा असो, इन्स्पेक्टर असो, मेहुणा असो. दसऱ्याला करवतीला आणि ती फिरवणाऱ्या विजेच्या मोटारीला हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं व्हायचं, पण निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही. अक्काला ते फार लागायचं. दिव्याशिवाय पूजा ती कसली, असं ती दरवर्षी म्हणायची, आणि दरवर्षी दाजी म्हणायचे की आत बायका काम करतात.

त्या बायका गावातल्याच होत्या. हौसाबाई त्यांतली सर्वांत जुनी. फण्यांचे दात घासून गुळगुळीत करायचं काम तिचं. नवऱ्यामागं तिचं घर त्याच कामावर उभं होतं आणि दाजींना ते पक्कं ठाऊक होतं.

दाजी अंगानं खादीचे आणि डोक्यानंही खादीचेच. स्वराज्य आल्यावर त्यांनी ठरवलं की माल देशातलाच घ्यायचा. पुण्याचे बाकीचे फणीवाले जपानी शीट आणत. काय तिची चकाकी! दाजी मात्र मुंबईकडच्या एका लहान देशी कारखान्याची शीट घेत. ती जाडीभरडी, जरा पिवळट आणि करवतीखाली कधी कधी तडकणारी. मी चेष्टा करायचो की दाजी, तुमच्या फणीनं केस विंचरत नाहीत, नांगरतात. ते हसायचे आणि म्हणायचे, आपलं पोर काळं असलं तरी आपलंच. असं पुष्कळ वर्षं छान चाललं होतं...

गेल्या वर्षी परकीय चलनाची ओढाताण सुरू झाली आणि सरकारनं बाहेरच्या मालावर कडक बंधनं आणली. दाजींना आनंदच झाला. आता देशी मालाला दिवस येतील, असं ते घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते. पण त्या देशी कारखान्याचा कच्चा माल बाहेरूनच यायचा, हे त्यांना कुठं माहीत होतं? दोन महिन्यांत तो कारखाना बंद पडला. आता शीट हवी तर परदेशी, आणि परदेशी हवी तर परवाना. म्हणून मी रजा काढून त्यांच्याबरोबर मुंबईच्या कचेरीत गेलो.

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं आणि समजावलं, की परवाना पूर्वीच्या आयातीच्या प्रमाणात मिळतो.

"मागच्या वर्षांत बाहेरून किती माल आणलात?"

"एक शीटही नाही," दाजी म्हणाले. आणि हे सांगताना ते खुर्चीत ताठ झाले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मग तुम्हाला कशाच्या प्रमाणात देऊ?"

ज्यांनी जपानी माल आणला त्यांना थोडा का होईना हिस्सा मिळाला, आणि ज्यानं हट्टानं देशी घेतला त्याला शून्य. मला आजही या गोष्टीचा संताप येतो. पुढं अर्जविनंत्याही करून पाहिल्या, पण उत्तर बदललं नाही. त्या दिवशी परत येताना गाडी खंडाळ्याला आली. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सदू, पुन्हा ती वर्षं आली तरी मी तेच करीन रे. पण हौसाबाईला काय सांगू?"

पुण्याच्या एका फणीवाल्यानं त्याच्या फण्यांचे दात घासून द्या, असा निरोप धाडला. फणीवर नाव मात्र त्याचंच राहणार. मी म्हटलं, घ्या की, चार बायकांची चूल पेटेल. दाजी आधी नको म्हणाले, मग मान खाली घालून त्याच्याकडं गेले, तोवर त्यानं दुसरी माणसं लावली होती. मग उरलेल्या शीटची काटकसर सुरू झाली. आधी मोठ्या फण्या बंद करून लहान मुलींच्या केल्या. मग उवांच्या बारीक फण्या. मग कापातून पडलेल्या तुकड्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या. शेवटी गुंडीही निघेना. बायकांना येऊ नका म्हणून सांगितलं, तरी त्या यायच्या, रिकाम्या शेडमध्ये ओळीनं बसायच्या. दाजी मोटार नुसतीच फिरवत. बंद राहिली की तिचा पट्टा आखडतो, म्हणायचे.

मी शेवटचा गेलो तेव्हा सवयीनं खिशातली काडेपेटी काढून डब्याकडं वाकलो. दाजी आतूनच म्हणाले, "राहू दे रे खिशात." मला ते अजिबात आवडलं नाही. मी हट्टानं ती डब्यात टाकली, आणि निघताना घ्यायची विसरलो.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. सकाळी हौसाबाई आली तेव्हा मोटार चालू होती आणि दाजी करवतीशी स्टुलावर, भिंतीला टेकून... तिला वाटलं, डोळा लागलाय.

स्मशानातून आम्ही परतलो. जिथं प्राण गेला तिथं दिवा लावायचा असतो. अक्का समई घेऊन शेडच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशीच थबकली. तिचं पाऊल आत पडेना. इतकी वर्षं ज्या दिव्यासाठी ती भांडली, तो हातात होता. हौसाबाई पुढं आली, तिनं डब्यातली माझी काडेपेटी काढून अक्काच्या हातात दिली.

"लावा, वैनी," ती म्हणाली. "आता आत पेटण्याजोगं काय ऱ्हायलंय?"

अक्कानं करवतीशेजारी दिवा लावला. दहाव्यापर्यंत तो तिथं उघडा जळत होता. शेडला काहीही झालं नाही.